देवाच्या वाट्याचा पाव

चर्चच्या मंडळीत त्याला पाठीमागे सगळे 'प्रथमफळ' म्हणत. तोंडावर मात्र 'पाववाले दादा'. नाव चेष्टेतच पडलं होतं, पण त्या चेष्टेत आदरही होता, कारण सव्वीस वर्षांत अशी एक सकाळ गेली नव्हती की त्याच्या बेकरीतला पहिला पाव देवाच्या नावानं बाहेर पडला नाही. त्याला ताप आला, बायको बाळंत झाली, एकदा तर भट्टीची कमानच अर्धी खाली आली, तरी पाव गेला. हे टोपणनाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तो वरवर रागावला आणि आतून इतका सुखावला की पुढचे दोन दिवस कामगारांवर खेकसला नाही.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीही त्याला नावं ठेवील, आणि नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्मे जण स्वतः काही वेगळं करत नसतात.

पाव करायला तो शिकला उस्तादांकडे. एकोणीस वर्षांचा असताना, दोन ठिकाणच्या नोकऱ्या सुटल्यावर, कुणीतरी त्याला त्यांच्या बेकरीत नेऊन उभं केलं. उस्ताद म्हणजे ठेंगणे, रुंद खांद्यांचे, भुवयांवर कायम पीठ बसलेले गृहस्थ. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं कमी आणि जे बोलायचं ते भट्टीशी. पहिल्या दिवशी त्यांनी त्याचे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "हात गरम आहेत. पिठाला आवडतील." एवढीच मुलाखत. त्यानंतर सात वर्षं तो तिथंच राहिला, तिथंच जेवला, पिठाच्या पोत्यांना टेकून झोपला.

उस्तादांच्या शिकवणीत एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे चाचणीचे पाव. लाकडांची भट्टी तापवली, निखारे ओढून बाहेर काढले, फरशीवर ओल्या पोत्याचा पोचारा फिरवला, की लगेच मालाची खेप आत ढकलायची नाही. त्या वेळी भट्टी पिसाळलेली असते. फरशी नको तितकी तापलेली, वरची कमान अजून पुरती तापलेली नाही. म्हणून आधी सहाच पाव आत सोडायचे. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक आणि तोंडाशी एक. ते पाव बिघडणार हे ठरलेलंच असतं. तळ काळा पडतो आणि आत पीठ कच्चं राहतं. पण कुठला किती बिघडला यावरून भट्टी आज कुठे तापलीये, कुठे नाही, ते कळतं. सहाही पाव तो फळीवरून उस्तादांपुढे आणून ठेवायचा. उस्ताद एकेक उलटा करून बघायचे, बोटाच्या पेरानं तळावर टकटक करायचे आणि सांगायचे, "मागचा उजवा कोपरा सोडून लाव. तोंडाशी दोन जास्त." मग सहाही पाव मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना.

पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, "उस्ताद, खालचं खरवडून विकले तर? कुणाला कळणार आहे?"

"तुला कळेल ना," उस्ताद म्हणाले. "हा पाव भट्टीचा. आपण बघायचा आणि सोडून द्यायचा. माणसाच्या हातात द्यायचा नाही."

पुढे उस्तादांची बेकरी ज्या इमारतीत होती ती पाडायची ठरली. त्यांचं वय झालं होतं, नवं काही उभारायची उमेद नव्हती. शिष्याची होती. त्यानं पलीकडच्या रस्त्यावर एक जुनी गोदामाची खोली घेतली आणि तिथं त्याची भट्टी उस्तादांनी स्वतःच्या हातांनी रचून दिली. गवंडी नुसता विटा द्यायला. कुठली वीट कुठे बसवायची, फरशीला उतार किती, धुराडं कुठे वळवायचं, सगळं त्यांनी केलं. अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस शिष्याच्या नव्या बायकोनं दोघांना जेवायला वाढलं.

उद्घाटनाला पाळकसाहेब आले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि जुन्या काळच्या लोकांना देवानं काय सांगितलं होतं ते वाचून दाखवलं, की शेतातलं पहिलं पीक माझं, द्राक्षाचा पहिला रस माझा, आणि मळलेल्या पिठाचा पहिला गोळाही माझा. पिठाचं नाव निघाल्याबरोबर पाववाल्याच्या अंगावर काटा आला. शास्त्रात आपल्या धंद्याचाही उल्लेख आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "रोजचा पहिला पाव देवाचा. जिवात जीव आहे तोवर."

चर्चच्या मागे वृद्धाश्रम होता. पाळकसाहेब म्हणाले, देवाला पाव पोचवायचा तर तिथं पोचवा. झालं, तसं ठरलं.

पहिलं दीड वर्ष त्यानं हे काम जसं करायला हवं तसं केलं. पहिली खेप बाहेर आली की तिच्यातले सहा सर्वांत देखणे पाव तो स्वतः निवडायचा, स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा आणि गिऱ्हाईक दारात असलं तरी आधी ती टोपली रवाना करायचा. बायको गल्ल्यावरून हे बघायची आणि तिला नवऱ्याचा अभिमान वाटायचा. तिनं हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं तिला पुढे वाटलं.

मग एक सकाळ आली. स्टेशनजवळच्या हॉटेलचा माणूस आला आणि म्हणाला, आज जास्त पाव हवेत, पाहुणे उतरलेत, आत्ताच्या आत्ता. मोजून बघितलं तर नेमके सहा कमी. बाजूला फडक्यात गुंडाळलेले सहा ठेवलेले. पाववाला त्या टोपलीकडे बघत उभा राहिला, आणि उभ्या उभ्याच त्याच्या डोक्यात एक विचार चमकला. भट्टीतून पहिले बाहेर येतात ते कुठले पाव? चाचणीचे! ही तर दुसरी खेप. म्हणजे इतके दिवस आपण देवाला दुसऱ्या क्रमांकाचा पाव देत होतो की काय?

गंमत म्हणजे त्याला खरोखर वाईट वाटलं. आपल्या हातून दीड वर्ष चूक घडली म्हणून त्यानं मनातल्या मनात क्षमादेखील मागितली. फडक्यातले सहा पाव हॉटेलच्या पोत्यात गेले आणि चाचणीचे सहा पाव, तळ जरासा खरवडून, टोपलीत गेले. दुसऱ्या दिवशी हॉटेलची अडचण नव्हती. पण शास्त्राची होती ना! शब्दाला शब्द लावून बघितलं तर पहिला तो पहिलाच. तेव्हापासून रोज चाचणीचेच जाऊ लागले. कोंबड्या त्यानं पाळल्याच नव्हत्या.

बायकोच्या हे लक्षात यायला आठवडाही लागला नाही. तिनं टोपलीतला एक पाव उलटा केला आणि त्याच्यापुढे धरला.

"अहो, हे तुम्ही खाल का?"

"माझ्या खाण्याचा प्रश्न नाही. वचनाचा प्रश्न आहे. पहिला म्हटलंय, पहिला देतोय."

"देवानं काय कोळसा मागितला होता?"

"तू गल्ला बघ," तो म्हणाला. तिनं तो बघितला, आणि पुन्हा हा विषय काढला नाही. तिचा स्वभाव तसा होता. एकदा सांगायचं, मग ज्याचं त्यानं बघायचं. असल्या स्वभावाच्या माणसांचं ऐकावं, पण ऐकतं कोण?

वर्षं गेली. बेकरी वाढली, मालाची एक गाडी झाली, गाडीवाला आला. दर वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेला पाळकसाहेब त्याचं उदाहरण द्यायचे. एका वर्षी त्यांनी प्रथमफळाचा अर्थ फार सोपा करून सांगितला. शेतकरी पहिली पेंढी कापून देवापुढे आणतो तेव्हा बाकीचं पीक अजून शेतातच उभं असतं, ते म्हणाले. ते घरी येईल की नाही, त्याला ठाऊक नसतं. गारा पडतील, टोळ येतील. तरी जे हातात आहे, आणि पहिलं आहे म्हणून ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे, ते तो देऊन टाकतो. देवाला पेंढीची भूक नाही. देणारा स्वतः किती त्या पेंढीत आला, तेवढंच तो बघतो. "आणि आपल्यामध्ये असा एक माणूस बसलेला आहे," असं म्हणून पाळकसाहेबांनी तिसऱ्या बाकाकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. पाववाल्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र! त्याच्या मनात मात्र एक कुसळ टोचून गेलं. आपले सहा पाव आधी आत जातात ते बाकीचा माल सुखरूप राहावा म्हणून. शेतकऱ्याच्या पेंढीचं बरोबर उलटं. त्यानं ते कुसळ बाजूला सारलं. शेजारी बसलेल्या बायकोनं ते सारताना बघितलं असावं, कारण घरी जाताना ती एक शब्द बोलली नाही.

दरम्यान उस्ताद थकले. हात थरथरायला लागले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, भाड्याच्या खोलीतला जिना चढवेना. बायको म्हणाली, "त्यांना इथं आणू या. मागची खोली आहे." मागच्या खोलीत नवं पीठ मळायचं यंत्र यायचं होतं. "इथं धूळ, उष्णता, कामगारांची वर्दळ," पाववाला म्हणाला. "आश्रमात बरं राहील. गरम पाणी मिळतं, डॉक्टर येतो, आपलीच मंडळी आहे." यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यानं पाळकसाहेबांना शब्द टाकला आणि उस्तादांना खिडकीजवळची खाट मिळाली.

सुरुवातीला तो दर रविवारी दुपारी जायचा. जाताना दुसऱ्या खेपेतले मऊसूत चार बन घेऊन जायचा. उस्ताद बन खायचे, भट्टी कशी आहे विचारायचे. मग दर रविवारचं महिन्यातून एकदा झालं आणि मग आठवण होईल तेव्हा. सकाळी तो कधीच गेला नाही. देवाच्या टोपलीतले सहा पाव सकाळी त्याच आश्रमात जातात आणि उस्तादही त्याच आश्रमात सकाळी उठून काहीतरी खातात, या दोन गोष्टी चार वर्षं त्यानं मनात एकमेकींना भेटू दिल्या नाहीत. सोपं नसतं ते. त्याला चांगली मेहनत लागते.

एका सकाळी गाडीवाल्याची पाठ धरली. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून पाववाला स्वतःच गाडी घेऊन निघाला. आश्रम पहिला लागला. टोपली दारात ठेवून निघायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण मेट्रनबाई नेमक्या दारात भेटल्या. "दादा, तुम्ही स्वतः! या ना, सगळे जेवणघरातच आहेत." आणि त्याच्या हातातली टोपली घेऊन त्या पुढे चालूही लागल्या.

जेवणघर लांबट होतं. मेणकापड घातलेलं एक लांब टेबल, पत्र्याचे मग, खिडकीतून येणारं ऊन. बावीस-तेवीस म्हातारी माणसं बसली होती आणि कुणीच खात नव्हतं. सगळे वाट बघत होते. मेट्रनबाईंनी टोपली टेबलाच्या टोकाला उस्तादांपुढे ठेवली. उस्तादांनी डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, बाह्या वर केल्या आणि पहिला पाव उचलून उलटा केला. पेरानं टकटक केली. कान लावला. दुसरा उचलला.

"काय म्हणते आज भट्टी?" समोरून एका निवृत्त मास्तरांनी विचारलं. हा रोजचाच प्रश्न असावा, कारण दोन-तीन जण आधीच हसायला लागले होते.

"थांबा हो मास्तर, अजून चार बाकी आहेत," उस्ताद म्हणाले. सहाही बघून झाल्यावर त्यांनी ते ओळीत लावले. "हा तोंडाशी होता. हा मधला. हा बघा, मागचा डावा. तीन आठवडे बघतोय, तळ इथंच जळतोय, आणि तेही एका बाजूनं. वीट हललीय. खाली पोकळी झालीय. त्यानं बघायला हवं. आज ना उद्या फरशी खचेल."

मग त्यांनी सुरी घेतली. थरथरणारे हात, पण सुरी धरली की थरथरायचे थांबले. काळा तळ त्यांनी पातळ पदरासारखा उतरवला, जराही पांढरा भाग वाया न घालवता. कच्चा गाभा वेगळा काढला, तो मेट्रनबाईंनी तव्यावर भाजायला नेला. जे चांगलं उरलं त्याचे तुकडे करून त्यांनी टेबलावर पुढे सरकवले. कडेला बसलेल्या एका आजीबाईंच्या वाट्याला करपलेला कोपरा आला. त्यांनी तो चावून बघितला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच बशीखाली सरकवला. कुणाला दिसू नये म्हणून.

पाववाल्याला ते दिसलं.

"चार वर्षं हे असंच चाललंय," मेट्रनबाई त्याच्या कानाशी कौतुकानं म्हणाल्या. "आधी आम्हाला कळेना, तुम्ही असले पाव का पाठवता. खरं सांगू का, आम्ही जरा नाराजच होतो. पण उस्ताद आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की तुमच्यात रीतच आहे. शिष्यानं पहिला पाव गुरूला दाखवायचा. म्हणाले, 'तो इतका मोठा झाला, पण मला दाखवल्याशिवाय भट्टी लावत नाही.' किती अभिमान आहे त्यांना तुमचा!"

ज्या काळात उस्ताद इथं नव्हतेच, त्या काळातल्या पावांचा जाब त्यांना कुणी विचारला नव्हता. आणि ही रीत सांगून ते शिष्याची लाज राखत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे पाववाल्याला त्या क्षणी कळेना. उस्तादांच्या चेहऱ्याकडे बघून तर नाहीच कळलं. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं.

"अरे लेका! तू आलास?" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "बस, बस. मास्तर, सरका जरा. हा बघा, हाच तो. अरे, डाव्या कोपऱ्याची वीट बघ. आजच बघ."

"बघतो, उस्ताद."

"मीच बसवली होती ती. तेव्हाच मला वाटलं होतं, खाली वाळू कमी पडली."

"उस्ताद, हे पाव..." पाववाला म्हणाला. टेबलावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "उद्यापासून..."

"उद्यापासून काय?"

सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. ते त्याच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण समोर बावीस माणसं कान टवकारून बसली होती, बाहेर गाडीत हॉटेलचा माल होता, आणि खरं म्हणजे त्याची हिंमत झाली नाही. "काही नाही. वीट बघतो," असं म्हणून तो उठला. उस्ताद दारापर्यंत सोडायला आले. निरोप देताना त्यांनी त्याच्या पाठीवरचं पीठ झटकल्यासारखं केलं. पाठीवर पीठ नव्हतं.

घरी येऊन त्यानं भट्टी थंड होऊ दिली आणि हात घालून चाचपून बघितलं. डाव्या कोपऱ्याची वीट दाबल्यावर हलत होती. तो तिथंच गुडघ्यांवर बसून राहिला. बायकोनं काय झालं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बशीखालच्या तुकड्याचंही सांगितलं.

"मग आत्ताच्या आत्ता परत जा," ती म्हणाली.

"उद्यापासून चांगले पाठवतो."

"पाव पाठवण्याचं नाही म्हणत मी."

पण दुसऱ्या दिवशी पावच गेले. सहा नाही, चोवीस, माणशी एक. पहिल्या खेपेतले, एकसारख्या सोनेरी तळाचे, त्यानं स्वतः निवडून फडक्यात गुंडाळलेले. चाचणीचे सहा त्यानं कचऱ्यात टाकले. गाडीवाल्याला बजावलं, "नुसते द्यायचे. काही बोलायचं नाही." टोपली निघाली तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की कित्येक वर्षांत वाटलं नसेल. आता जायचं आणि उस्तादांसमोर बसून सगळं कबूल करायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढंच राहिलं. पहिल्या दिवशी गवंडी आला होता. मग वाटलं, चांगले पाव सुरू होऊन चारच दिवस झालेत, एवढ्यात कुठलं तोंड घेऊन जायचं? महिनाभर जाऊ देत. महिनाभर चांगले पाव गेले की मग सांगता येईल, उस्ताद, चुकलो होतो, पण बघा, आता सुधारलो. रिकाम्या हातांनी कबुली द्यायची त्याला लाज वाटत होती. आधी काहीतरी जमा असावं, मग मान खाली घालावी. बायको दर दोन दिवसांनी विचारायची, "गेलात का?" आणि तो दिवस मोजून सांगायचा. बारा झाले. सतरा झाले. एकोणीस.

विसाव्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. उस्ताद गेले होते. उठले, तोंड धुतलं, जेवणघरात येऊन आपल्या खुर्चीवर बसले, आणि गेले.

अंत्यविधीला सगळी मंडळी जमली होती. पाळकसाहेबांनी कबरीपाशी चार शब्द सांगितले. उस्तादांच्या कष्टांबद्दल सांगितलं, आणि मग म्हणाले, या माणसाला मूलबाळ नव्हतं, पण देवानं त्याला असा शिष्य दिला की ज्यानं आपलं प्रथमफळ शेवटच्या दिवसापर्यंत गुरूच्या ताटात वाढलं. पाववाल्यानं या वेळी मान खाली घातली नाही. तो समोर बघत राहिला आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. लोकांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. त्याला तो सोडवून घ्यायचा होता.

माणसं पांगल्यावर मेट्रनबाई थांबल्या. बायको थोडी पुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, एक विचारू? रागावू नका," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमचं आणि त्यांचं काही बिनसलं होतं का?"

"नाही. का?"

"त्यांना तसं वाटत होतं. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी चांगले पाव आले. आम्ही सगळे खूश. त्यांनीही उलटा करून बघितला, वाजवला, चांगला आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशीही चांगलेच आले, तेव्हा ते गप्प झाले. मग मला म्हणाले, 'माझं चुकलं. चारचौघांत त्याच्या भट्टीला नाव ठेवलं मी. त्याला लागलं ते. आता त्यानं मला दाखवायचं बंद केलं.' मी म्हटलं, अहो, असं काय करता, किती छान पाव पाठवतायत ते तुम्हाला. तर म्हणाले, 'छान पाव काय, गिऱ्हाइकालाही मिळतो.'"

पाववाल्यानं ताज्या कबरीकडे बघितलं.

"मी म्हटलं, फोन लावून देऊ का? तर नको म्हणाले. फोनवर माफी मागतात होय? तो आला की समोर बसवून मागीन. मग रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसायचे. टोपली आली की टोपलीमागे बघायचे. रोज मला विचारायचे, तो स्वतः आलाय का? मी म्हणायचे, नाही, पाव आलेत."

"माफी?" पाववाला म्हणाला. "त्यांनी माझी मागायची?"

"हो. कशी मागायची तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मला दोनदा म्हणून दाखवलं."

पाववाल्यानं तोंडावर हात ठेवला. थोडी पुढे उभी असलेली बायको परत फिरली, पण जवळ येऊन नुसती उभी राहिली.

"मी येणार होतो," तो शेवटी म्हणाला. "खरंच सांगतो, बाई. या आठवड्यात मी येणारच होतो."

"हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "तेही रोज हेच म्हणायचे."